आठ बाइटांचे हेडर आणि मागची थप्पी

सांगलीत विश्रामबागला घरी बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक स्वतंत्र काम आले. आमच्या चाचण्यांसाठी लागणारी अगदी लहान व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका संगणकाच्या आत चालणारे जणू दुसरे संगणक, उभी करून देणारा, मोजक्या ओळींचा स्वतःचा प्रोग्रॅम सी भाषेत लिहायचा, आणि त्यासाठी लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, केव्हीएम या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाशी थेट बोलायचे. केव्हीएम लिनक्समध्ये २००७ च्या फेब्रुवारीत, २.६.२० या आवृत्तीबरोबर आले. तेव्हापासून बाहेरच्या प्रोग्रॅमने त्याच्याशी बोलण्याची रीत मुळात तीच राहिली आहे: एक डिव्हाइस फाइल उघडायची आणि तिच्यावर आयऑक्टल नावाचे सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला करायच्या विनंत्या, एकामागून एक करायचे. मशीन तयार कर, तिला मेमरी दे, तिला एक प्रोसेसर दे, त्याचे रजिस्टर म्हणजे आतले छोटे कप्पे भर, चालव, असा तो क्रम असतो.

यातला बराच भाग दोन संध्याकाळांत झाला, कारण तिथली स्ट्रक्चर, म्हणजे माहितीचे एकत्र बांधलेले गट, ठरलेल्या मापाची आहेत. रजिस्टरांचे स्ट्रक्चर किती बाइटांचे ते कंपायलरलाही माहीत असते आणि कर्नललाही, त्यामुळे पत्ता दिला की काम होते. चालू प्रोसेसरची माहिती ज्या सामायिक मेमरीत मिळते, तिचे माप आवृत्तीगणिक वाढू शकते, म्हणून ते कर्नललाच आधी विचारावे लागते. माझ्या लॅपटॉपवर १२२८८ बाइट असे उत्तर आले आणि तेवढी मेमरी जोडून घेतली. विचारल्यावर सरळ उत्तर मिळते, तिथे अडायला होत नाही. मी अडलो तो प्रोसेसरचे गुणधर्म गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या मशीनला, कळवण्याच्या पायरीवर, आणि पुढचे जवळजवळ दोन आठवडे त्याच एका पायरीवर गेले.

गेस्टमधला प्रोग्रॅम जेव्हा सीपीयूआयडी ही प्रोसेसरची ओळख आणि गुणधर्म विचारणारी सूचना चालवतो, तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचे हे आपल्याला आधी कर्नलला सांगून ठेवावे लागते. त्यासाठी पहिल्यांदा कर्नलला विचारायचे की या यंत्रावर तुला कोणकोणते गुणधर्म देता येतात, मग आलेली यादी हवी तर कमीजास्त करायची आणि नव्या प्रोसेसरला ती लावायची. यादीतली प्रत्येक नोंद ४० बाइटांची असते. कोणता प्रश्न, कोणता उपप्रश्न, काही खुणा, चार रजिस्टरांची उत्तरे आणि शेवटी १२ बाइट मोकळी जागा. अशा नोंदी किती असतील हे मात्र प्रोसेसरवर आणि कर्नलवर अवलंबून असते. म्हणून स्ट्रक्चरच्या आरंभी चार बाइटांचा आकडा, चार बाइट नुसते भरण आणि त्यामागे बिनमापाचा ॲरे, म्हणजे लांबी न सांगितलेली नोंदींची रांग, अशी रचना आहे. अशा शेवटच्या ॲरेला सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात जागा मिळाली. त्याआधी लोक शून्य किंवा एक लांबीचा ॲरे लिहून तेच काम करून घेत असत. कंपायलरला या स्ट्रक्चरचे माप विचारले, तर तो आठ बाइट एवढेच सांगतो. मागचा ॲरे त्याच्या हिशेबात शून्य धरला जातो. आयऑक्टलच्या क्रमांकातही मापासाठी काही बिट राखलेले असतात आणि तिथेही आठच नोंदलेले आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहून ठेवलेले माप हेडरचे, म्हणजे आरंभीच्या या आठ बाइटांचे, आहे, आणि खरा माल त्या मापाच्या बाहेर आहे.

ही रचना माझ्या मनात बसली ती लहानपणच्या ओळखीमुळे. आमच्या वडिलांचे मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान होते आणि सुट्टीत मी तिथे बसत असे. गाडी दारात लागली की ड्रायव्हर आधी पावती पुढे करी, आणि पावतीवर पोत्यांचा आकडा असे. दिवाणजी ती पावती घेऊन बाजूला ठेवत, हमाल पोती उतरवून थप्पी लावत, आणि थप्पी मोजून झाल्यावरच वहीत आकडा चढे. पावतीवर ऐंशी लिहिले म्हणून गाडीत ऐंशी पोती असतीलच असे कोणी गृहीत धरत नसे आणि त्यात कोणाचा अपमानही नसे. आकडा आणि माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या जुळतात की नाही हे कोणीतरी बघायचे असते. केव्हीएमच्या या स्ट्रक्चरमध्ये हेडर म्हणजे पावती आणि मागच्या नोंदी म्हणजे थप्पी. ती तपासणारा दिवाणजी मात्र भाषेने दिलेला नाही, तो आपल्याला नेमावा लागतो.

माझी पहिली चूक अगदी साधी होती. शंभर नोंदी मावतील एवढी मेमरी मी घेतली, ती शून्यांनी भरून घेतली, आणि पत्ता कर्नलला दिला. उत्तर आले ते सात क्रमांकाच्या एररचे, आणि पडद्यावर त्याचा अर्थ उमटला, ‘अर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’. यादी फार लांब आहे म्हणे. मी शंभरच्या जागी पन्नास केले, वीस केले, तरी तेच. खरा प्रकार असा होता, की मेमरी घेतली तरी हेडरमधला आकडा मी भरलाच नव्हता, तो शून्यच राहिला होता. मी मागे किती जागा घेतली आहे हे कर्नलला कळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही. त्याला पत्ता मिळतो, पत्त्यावर आठ बाइट दिसतात, आणि त्यातला आकडा सांगेल तेवढीच जागा तो आपली मानतो. शून्य जागेत एकही नोंद मावत नाही, म्हणून त्याने नकार दिला. हा एरर मुळात प्रोग्रॅमला दिलेल्या शब्दांची यादी फार लांबली तर द्यायचा म्हणून आहे. तोच इथे उलट्या अंगाने, तुझी जागा अपुरी आहे या अर्थाने वापरला आहे. संदेशाच्या शब्दांवर विसंबून मी यादी कमी करत बसलो, आणि कर्नल मला जागा वाढवायला सांगत होता.

आकडा भरल्यावर प्रश्न उरला की तो किती भरायचा. इथे केव्हीएममध्ये एकच रीत नाही, आणि हे मला आजही खटकते. एमएसआर म्हणजे प्रोसेसरच्या खास रजिस्टरांची यादी मागितली आणि जागा अपुरी पडली, तर कर्नल तोच सात क्रमांकाचा एरर देतो, पण देण्याआधी हेडरमध्ये खरोखर किती जागा लागेल तो आकडा लिहून ठेवतो. तेवढी मेमरी घेऊन दुसऱ्यांदा विचारले की झाले. गुणधर्मांच्या यादीला ही सोय नाही. तिथे नुसता नकार मिळतो, किती कमी पडले ते कळत नाही. क्यूएमू या जुन्या आणि सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमचे सोर्स उघडून पाहिले, तर तिथे एका नोंदीपासून सुरुवात करून प्रत्येक नकारानंतर जागा दुप्पट करत नेली आहे. मीही तेच केले. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस यांना नकार आला आणि चौसष्टला होकार. होकारानंतर हेडरमधला आकडा कर्नलने बदललेला होता, तो आता अडतीस होता. जाताना त्या चार बाइटांचा अर्थ ‘एवढी जागा आहे’ असा असतो, आणि येताना ‘एवढा माल भरला’ असा होतो. एकाच खान्यात दोन अर्थ राहतात आणि कोणत्या क्षणी कोणता खरा, हे फक्त रीतीने ठरलेले आहे. मी माझ्या प्रोग्रॅममध्ये तेव्हापासून क्षमता वेगळ्या चलात ठेवतो आणि हेडरवर तिच्यासाठी अवलंबून राहत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. त्या नोंदींमध्ये उपप्रश्न महत्त्वाचा आहे असे सांगणारी जी खूण आहे, तिच्या नावातल्या ‘सिग्निफिकंट’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘आय’ गाळलेला आहे. जे नाव एकदा बाहेरच्या प्रोग्रॅमांच्या हाती गेले, ते दुरुस्त केले तर जुना सोर्स जुळेनासा होतो, म्हणून ते तसेच आहे. स्ट्रक्चरच्या मांडणीचेही तेच आहे. आठ बाइटांचे हेडर आणि चाळीस बाइटांची नोंद कोणाला आवडो वा न आवडो, ती आता हलणार नाही. नोंदीच्या शेवटी मोकळे ठेवलेले बारा बाइट त्याचसाठी आहेत, पुढे काही घालायचे झाले तर जागा असावी म्हणून. २०१३ च्या सुमारास आलेल्या, कर्नल स्वतः नक्कल करून देऊ शकतो अशा गुणधर्मांची यादी मागणाऱ्या आयऑक्टलमध्ये तर ही मोकळी जागा शून्यच आहे ना हे कर्नल तपासतो, आणि तिथे कचरा आढळला तर विनंती परत करतो. म्हणून मेमरी नेहमी शून्यांनी भरून घ्यावी असे माझे ठाम मत झाले आहे.

यादी हातात आल्यावर मी एक चिमुकला गेस्ट लिहिला. तो सीपीयूआयडीचा शून्य क्रमांकाचा प्रश्न विचारतो, उत्तरात येणारे प्रोसेसर बनवणाऱ्याचे बारा अक्षरी नाव एकेक अक्षर करून सिरिअल पोर्टवर पाठवतो आणि थांबतो. प्रत्येक अक्षराला गेस्ट बाहेर येतो, माझा प्रोग्रॅम ते अक्षर छापतो आणि त्याला परत आत सोडतो. माझ्या लॅपटॉपवर ‘जेन्युइनइंटेल’ असे छापले जायला हवे होते. गेस्ट नेमाने बारा वेळा बाहेर आला, पण पडद्यावर काहीच उमटले नाही. अक्षरांऐवजी त्यांचे अंक छापून पाहिले, तर बाराच्या बारा शून्ये होती.

तीन दिवस मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. गेस्टचा कोड हाताने तपासला, रजिस्टरांचा क्रम तपासला, कारण ते नाव पहिल्या रजिस्टरपासून सरळ क्रमाने येत नाही. यादी लावणारा आयऑक्टल शून्य, म्हणजे यशस्वी, असेच उत्तर देत होता. यादी लावण्याच्या अगदी आधी मी हेडरमधला आकडा छापून पाहिला, तो अडतीस होता. आकडा बरोबर आहे असे दिसल्यावर मी त्या ओळीवरून नजर काढून घेतली, आणि चूक तिथेच होती.

बहिणीचा मुलगा इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे आणि रविवारी जेवायला येतो. त्याला मी डिबगरमध्ये प्रोग्रॅम थांबवून दाखवत होतो. यादी घेतली त्या वेळचा पत्ता आणि यादी लावली त्या वेळचा पत्ता मी त्याला वहीवर लिहून घ्यायला सांगितले. पहिला पाच-पाचने सुरू होणारा होता, दुसरा सात-एफ-एफने. त्याने दोन्हींवर बोट ठेवून विचारले, “मामा, हा हीपवरचा आहे आणि हा स्टॅकवरचा. यादी तर एकच आहे ना?” हीप म्हणजे मागून घेतलेली मेमरी, आणि स्टॅक म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतची तात्पुरती जागा. यादी एकच होती, पण प्रोसेसर तयार करणाऱ्या माझ्या फंक्शनला मी तिचा पॉइंटर, म्हणजे पत्ता, न देता स्ट्रक्चरच दिले होते. वाचायला नीटस वाटते म्हणून तसे लिहिले होते. सी भाषेत स्ट्रक्चर असे दिले की त्याची प्रत होते, आणि प्रत तेवढीच होते जेवढे माप कंपायलरला माहीत असते. आठ बाइट नव्या जागी गेले, त्यात अडतीस हा आकडा शाबूत गेला, आणि अडतीस नोंदी मूळ जागीच राहिल्या. कर्नलने नवा पत्ता घेतला, अडतीस वाचले, आणि त्यामागचे १५२० बाइट, जे माझ्या फंक्शनच्या स्टॅकवरचे इतर काहीतरी होते, नोंदी समजून उचलले. ती जागा वाचता येण्याजोगी असल्यामुळे त्याने तक्रार केली नाही. त्या नोंदींत शून्य क्रमांकाच्या प्रश्नाचे खरे उत्तर कुठून असणार? म्हणून गेस्टला शून्ये मिळाली. कंपायलरने एकही इशारा दिला नव्हता, कारण भाषेच्या नियमाप्रमाणे मी काही गैर केलेच नव्हते.

भाच्याला मी दुकानातली पावतीची गोष्ट आधी सांगितली होती. तो म्हणाला, “म्हणजे पावतीची झेरॉक्स पाठवली, पोती आपल्याच दुकानात राहिली.” इतक्या थोड्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

यादी घेण्याऐवजी लावण्याच्या वेळी ही चूक झाली, हे त्यातल्या त्यात बरे म्हणायचे. उलट झाले असते, म्हणजे यादी मागताना आठ बाइटांच्या प्रतीचा पत्ता दिला असता, तर कर्नलने विश्वासाने तितक्या नोंदी तिथे लिहिल्या असत्या आणि माझा स्टॅक उद्ध्वस्त झाला असता. आपल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत काय मोडेल याची काळजी कर्नल घेत नाही, ती त्याची जबाबदारीही नाही. त्याची जबाबदारी स्वतःच्या मेमरीची आहे, आणि तिथे हाच आकडा त्याच्यावर उलटू शकतो. कर्नलला नोंदींसाठी आपल्याकडे जागा घ्यावी लागते, त्यासाठी तो आकड्याला चाळीसने गुणतो, आणि आकडा आला आहे बाहेरून. ३२-बिट यंत्रावर कोणी १०,७३,७४,१८३ असा आकडा पाठवला, तर गुणाकार ४,२९,४९,६७,३२० होतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच मावते, म्हणून वरचे गळून उरतात ते फक्त २४. चोवीस बाइटांची जागा घेऊन तिथे चाळीस बाइटांच्या नोंदी लिहायला सुरुवात होते. भाच्याने हा गुणाकार कागदावर करून पाहिला, चोवीस आल्यावर पुन्हा करून पाहिला. ही नुसती कल्पना नाही. २००९ मध्ये नेमक्या याच गुणधर्म मागणाऱ्या आयऑक्टलमध्ये ही त्रुटी सापडली, सुरक्षेच्या त्रुटींच्या जाहीर यादीत तिला सीव्हीई-२००९-३६३८ हा क्रमांक मिळाला, आणि २.६.३१.४ मध्ये ती दुरुस्त झाली. दुरुस्ती दोन ओळींची होती: बाहेरचा आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर तो मर्यादेवर आणायचा. ती मर्यादा आता २५६ नोंदींची आहे. पुढे २०१८ मध्ये कर्नलमध्ये अशा स्ट्रक्चरांचे माप काढण्यासाठी एक खास मॅक्रो आला. गुणाकार ओसंडला तर तो शक्य तितका मोठा आकडा देतो, त्यामुळे मेमरी मिळतच नाही आणि विनंती तिथेच संपते. लहान चुकीचे उत्तर देण्यापेक्षा अशक्य उत्तर द्यावे, हा त्यामागचा विचार मला फार आवडला.

दुसरीही एक काळजी कर्नल घेतो. तो हेडर एकदाच आपल्याकडे उतरवून घेतो आणि पुढे सगळीकडे ती उतरवलेली प्रतच वापरतो. तपासताना एकदा आणि वापरताना पुन्हा एकदा बाहेरची मेमरी वाचली, तर मधल्या क्षणात त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड आकडा बदलू शकतो, आणि तपासलेले एक, वापरलेले भलतेच, असे होते.

एमएसआर भरण्याच्या पायरीवर मी आणखी एक दिवस घालवला, पण ते थोडक्यात सांगतो. तिथे उत्तर यश किंवा अपयश एवढेच नसते, किती रजिस्टर भरले गेले तो आकडा असतो. मी पाच दिले, तीन परत आले, आणि मी उत्तर ऋण आहे का एवढेच बघत असल्यामुळे चौथे नाकारले गेल्याचे मला कळलेच नाही.

सीमधली आवृत्ती स्थिरावल्यावर कंपनीने तीच रस्ट या भाषेत हवी असे ठरवले. तिथे माझा पहिला प्रयत्न सुट्या बाइटांचा वेक्टर, म्हणजे वाढू शकणारी रांग, घेऊन त्यावर स्ट्रक्चर कल्पायचे असा होता, आणि तो चुकीचा होता, कारण बाइटांच्या वेक्टरला कोणताही पत्ता चालतो, तर या स्ट्रक्चरला चारच्या पटीतला पत्ता लागतो, आणि एमएसआरच्या नोंदी असतील तर आठच्या. रस्ट-व्हीएमएम प्रकल्पातल्या लायब्ररीत यावर एक सुंदर तोड आहे. वेक्टर बाइटांचा न घेता हेडरांचाच घ्यायचा. अडतीस नोंदींना १५२८ बाइट लागतात, हेडर आठ बाइटांचे, म्हणून १९१ हेडरांचा वेक्टर. पहिले हेडर खरे, उरलेल्या १९० च्या जागेत नोंदी. पत्त्याचा पट आपोआप बरोबर येतो. शिवाय हा वेक्टर एका आवरणात बंद असतो, त्यामुळे माझ्यासारखी नुसत्या हेडरची प्रत कोणाला सहज काढता येत नाही. नोंद वाढवली की आकडाही आवरणच वाढवते. एवढी काळजी घेऊनही याच लायब्ररीत सीव्हीई-२०२३-५०७११ ही त्रुटी निघाली. साठवून ठेवलेली यादी परत वाचताना हेडरमधला आकडा आणि प्रत्यक्ष आलेल्या नोंदी जुळतात का, हे पाहायचे राहून गेले होते. ०.१२.० या आवृत्तीत ती तपासणी घातली गेली. ते वाचल्यावर मी माझ्या प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे यादी फाइलमधून येते त्या सर्व जागा काढल्या. तीन निघाल्या, आणि तिन्ही ठिकाणी नोंदी मोजून मगच आकडा स्वीकारणारी ओळ घातली.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला. त्याचा प्रोसेसर एएमडीचा आहे आणि कर्नलही माझ्यापेक्षा नवा. केव्हीएम वापरायची परवानगी मिळावी म्हणून त्याचे खाते केव्हीएमच्या ग्रुपमध्ये घातले, मी तयार केलेली फाइल जशीच्या तशी कॉपी केली आणि चालवली. सोळापर्यंत नकार आले, बत्तीसला होकार आला, आणि हेडरमधला आकडा सत्तावीस झाला. मग गेस्ट एकेक अक्षर घेऊन बारा वेळा बाहेर आला आणि पडद्यावर ‘ऑथेंटिकएएमडी’ उमटले. तो ती अक्षरे बोटावर मोजत होता.